रविवारचा सरदार

मिशांपासून सुरुवात करते, कारण आमचे केमिस्टसाहेबही मिशांपासूनच सुरुवात करायचे.

"पुस्तकात त्याला मिशा आहेत. लांब, पांढऱ्या, चांगल्या झुपकेदार. इतके सिनेमे काढले लोकांनी, पण त्याला धड मिशा द्याव्यात असं कुणाला वाटत नाही. बिनमिशांचा सरदार कधी पाहिलाय का हो बाई तुम्ही?"

मी कॉलनीच्या शाळेत शिकवत असे, म्हणून मला सगळे बाई म्हणत. सरदार मी एकही पाहिलेला नव्हता, मिशांचाही नाही आणि बिनमिशांचाही नाही. मी म्हणायचे, "नाही बुवा." तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

हा सरदार म्हणजे माणसांचं रक्त पिणारा, शवपेटीत झोपणारा, परदेशातल्या कुठल्याशा डोंगरावरच्या गढीत राहणारा. फार जुनी इंग्रजी कादंबरी आहे ती, आणि तिच्यावर सिनेमे निघतच असतात. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांना नाव सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडणार नाही. साहेबांच्या घरात तरी नाव कुणी घेत नसे. सरदार म्हटलं की झालं. साहेबांना कॉलेजात असताना टायफॉइड झाला होता, तेव्हा अंथरुणात पडून त्यांनी ते पुस्तक वाचलं. "ताप उतरला, पुस्तक काही उतरलं नाही," असं वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणायच्या.

साहेब एकलहऱ्याच्या वीज केंद्रात केमिस्ट होते. बॉयलरमध्ये जाणारं पाणी तपासायचं, हे त्यांचं काम. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. आमचे हे स्विचयार्डात होते. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा सामान उतरवून होईपर्यंत साहेब जिन्यात उभे होते. मला वाटलं, मदत करायला आले असतील. त्यांनी आमच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, एक घोट तोंडात घोळवला, खिडकीतून बाहेर थुंकला आणि म्हणाले, "टाकी धुवायला सांगा." मग गेले. ही ओळख.

पाणी ते कुठेही तसंच प्यायचे. लग्नाच्या पंगतीत पेला उजेडासमोर धरायचे. येवल्याला वहिनींच्या माहेरी जायचं तर बरोबर स्वतःच्या पाण्याची बाटली, आणि एवढं करून सासऱ्यांना विहिरीच्या पाण्याचा अहवाल. "पाणी आणि गोष्ट, दोन्हींत भेसळ चालत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सिनेमा बघायचा, असं ते कधी म्हणाले नाहीत. ते सिनेमा तपासत. "या रविवारी नवा नमुना आलाय," असा निरोप कॉलनीत फिरायचा. कधी नाशिक रोडच्या स्टेशनाजवळच्या व्हिडिओ लायब्ररीतून, कधी मुंबईच्या भाच्याकडून कॅसेट यायची. दुपारची जेवणं उरकली की बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची. सिनेमा संपला की साहेब निकाल द्यायचे. निकाल नेहमी एकच असायचा. नापास.

आमच्यात इंग्रजी कळणारे थोडे, आणि त्या गोऱ्या लोकांचं इंग्रजी कळणारा बहुधा कुणीच नव्हता. म्हणून साहेब टीव्हीचा आवाज बारीक करत, हातात लाकडी पट्टी घेऊन शेजारी उभे राहत आणि सबंध सिनेमा मराठीतून सांगत. काय सांगायचे! घोडागाडी डोंगर चढायला लागली की म्हणायचे, "हा घाट आपल्या सप्तशृंगीच्या घाटासारखा समजा, फक्त वर देवी नाही." गढीवर आलेल्या पाहुण्या वकिलाशी सरदार बोलायचा तो पेशवाईतल्या मराठीत: "यावे वकीलसाहेब, प्रवासाचा शीण फार झाला असेल." एकदा कुणीतरी सरदाराला वेताळ म्हणालं, तर साहेबांनी कॅसेट थांबवली. "वेताळ आपला सज्जन. तो गोष्टी सांगतो, कोडी घालतो. हा नुसता पितो. दोघांची गल्लत करू नका."

सिनेमात नसलेलं, पण पुस्तकात असलेलं, तेही ते मध्येच भरून काढायचे. उन्हाची तिरीप पडून सरदार जळायला लागला की पट्टी टीव्हीवर आपटायचे. "खोटं! पुस्तकात तो दिवसाढवळ्या रस्त्यात हिंडतो. ऊन लागून मरायला तो काय आळूचं पान आहे?"

आता हे सगळं ऐकून त्यांच्यासारखे शुद्धतेचे भक्त तयार व्हावेत, तर झालं उलटंच. कॉलनीत तीन पक्ष पडले. जुन्या मूक सिनेमातला टकला, उंदरासारख्या दातांचा सरदार ज्यांना आवडला, ते टकलेवाले. लाल अस्तराच्या झग्यातला, डोळे वटारणारा ज्यांना आवडला, ते झगेवाले. आणि नंतर रंगीत, भपकेबाज सिनेमे आले, त्यांत सरदार कुणाच्या तरी प्रेमात झुरतो, ते ज्यांना आवडलं ते प्रेमवाले. प्रेमवाल्यांचं नाव काढलं की साहेबांना ठसका लागायचा. झगेवाल्यांचा पुढारी होता टर्बाइनवरचा एक फिटर, निफाडकडचा, उंचापुरा. तो म्हणायचा, "साहेब, तुमचं पुस्तक ऱ्हाऊ द्या पुस्तकात. आपला झगेवाला आला ना, की अंगावर काटा येतो. त्यो टकला आला तर वाटतं, ह्याला आधी जेवाय घाला." आमचे हे कुठल्याच पक्षात नव्हते. लांडगे ओरडायला लागले की त्यांना झोप लागायची.

मला भुताखेतांचं वेड नाही. मी जायचे ती वहिनींसाठी. त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसायच्या आणि मी त्यांच्याशेजारी. "एवढी तहान लागते मेल्याला, तर तुमच्या लॅबमधलं पाणी पाजा की," असं काहीतरी त्या मध्येच बोलायच्या आणि सबंध खोली हसायची. साहेब तेवढ्यापुरते थांबायचे. एरवी त्यांना कुणी मध्ये बोललेलं खपत नसे.

त्या गोष्टीत एक मुलगी आहे. लग्न ठरलेली, हसरी. सरदार येऊन तिचं रक्त पीत राहतो, आणि ती पांढरी पडत जाते. चार पुरुष एकामागून एक तिला आपलं रक्त देतात. तरी ती मरते. मग पेटीतून उठून रात्री लहान मुलांच्या मागे लागते, आणि शेवटी, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलेलं असतं, त्यालाच तिच्या छातीत खुंटी ठोकून तिला सोडवावं लागतं. साहेबांच्या मते गोष्टीचा जीव तिथे होता. सिनेमावाले बाकी सगळं दाखवतात, चार माणसांचं रक्त मात्र गाळतात, ही त्यांची मोठी तक्रार. "एकजण देतो आणि मोकळे होतात. अहो, एकामागून एक चौघांनी दिलं आणि तरी उपयोग झाला नाही, ह्यात खरं भय आहे. तो दातवाला काय, तो नुसता निमित्त."

हे ते पट्टी हलवत अगदी रंगून सांगायचे. तेव्हा वहिनी उंबऱ्यावर धडधाकट बसलेल्या होत्या.

वहिनींचं दुखणं हळूहळू आलं. जिना चढताना दम लागायचा, अंगावर निळे डाग उठायचे. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की शरीरात रक्त तयार होणंच मंदावलंय. औषधं देऊ, पण रक्त बाहेरून द्यावं लागेल, पुन्हा पुन्हा द्यावं लागेल. साहेब घरी आले ते सरळ नळाशी गेले, पेला भरून घेतला आणि न पिता तसाच धरून उभे राहिले. मी तिथेच होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या काळी दवाखान्यातून रक्ताची पिशवी घ्यायची तर बदल्यात आपल्यातल्या कुणीतरी रक्त द्यावं लागायचं. साहेबांना कुणाकडे मागायची वेळच आली नाही. पहिल्याच वेळी झगेवाले आले, पुढच्या वेळी टकलेवाले. पाळ्या पक्षांप्रमाणे लागल्या. "ह्या बारीला आम्ही, साहेब," फिटर म्हणायचा. "टकल्यांचं रक्त पातळ हाय, त्यानी वहिनींना काय व्हनार?" कॉलनीची जीप शहराकडे निघायची आणि वाटेत त्यांची भांडणं चालायची, खरा सरदार कुठला. वहिनी पुढच्या सीटवर डोळे मिटून ऐकायच्या. रक्त चढलं की काही आठवडे त्यांच्या ओठांवर रंग यायचा. मग पुन्हा उतरायचा.

साहेबांनी रविवार बंद केले. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. आजारी बाईच्या घरात रक्त पिणाऱ्याचा तमाशा कोण मांडेल? पण एक दिवस मी भाकरी घेऊन खाली गेले, तर वहिनी त्यांना विचारत होत्या, "का हो बंद केलंत सगळं? चालले की काय मी एवढ्यात?"

पुढच्या रविवारी सतरंजी अंथरली गेली.

वहिनी आता उंबऱ्यावर बसू शकत नव्हत्या. आतल्या खोलीत पलंगावर असायच्या. तिथून टीव्ही दिसत नसे, फक्त साहेबांचा आवाज ऐकू येई. मी दाराच्या चौकटीला टेकून बसायचे. मला डावीकडे पडदा दिसायचा आणि उजवीकडे वहिनींचा चेहरा. त्या दिवशी सिनेमा झगेवाल्यांचा होता. मुलगी पांढरी पडत गेली, रक्त दिलं गेलं, आणि साहेब म्हणाले, "आता हिला उतार पडलाय. रक्त लागू पडलं. डॉक्टर खूश आहेत."

पडद्यावर ती पेटीत निजलेली होती. हातात फुलं, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या.

"प्रवास लांबचा आहे," साहेब म्हणाले. "हवापालटाला मामाकडे न्यायचंय. धक्के बसू नयेत म्हणून पेटीत गादी घालून निजवलंय."

खुंटीचा प्रसंग म्हणजे फिटरचा जीव की प्राण, पण तो खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपसत बसला. आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, ही तर मरायची ना?"

"ते पुस्तकात," साहेब म्हणाले. "ह्या सिनेमावाल्यांनी बदललंय." आणि थोडं थांबून, "ह्या एका बदलाला माझी हरकत नाही."

पाण्यात आणि गोष्टीत भेसळ न चालणारा तो माणूस, आणि हे वाक्य. त्यांचे कान लाल झाले होते.

मग दर रविवारी तेच. जो सिनेमा येईल त्यात मुलगी बरी व्हायची आणि मामाकडे जायची. "सगळेच सिनेमावाले शहाणे झाले म्हणायचे," एकदा वहिनी म्हणाल्या. चहाच्या वेळी त्या आतून विचारायच्या, "मामाकडून आली का हो ती परत?" की पक्षांची जुंपायची. झगेवाले म्हणत, आली आणि ठरल्याप्रमाणे लग्न झालं. टकलेवाले म्हणत, लग्न मोडलं, पोरगी तिकडेच नर्स झाली. फिटर चिडून म्हणायचा, "नर्स कशापायी व्हईल? तिला काय कमी हाय? मामाचं येवढं मोठं घर!" जे कुठल्याच सिनेमात नव्हतं त्यावरून मोठी माणसं हमरीतुमरीवर यायची. मला हसूही यायचं आणि रडूही. वहिनी मात्र उशीला टेकून ऐकत राहायच्या, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा खरंच बरा दिसायचा.

नंतरचं थोडं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मागाहून सांगावं लागणार नाही. निवृत्त झाल्यावर साहेब नाशिक रोडला एका सोसायटीत राहायला गेले. तिथे त्यांनी टीव्ही घेतला नाही. मी एकदा गेले होते, तर टाकी धुण्यावरून सेक्रेटरीशी वाद चालला होता. मला बरं वाटलं. तोवर वायरीवरून शंभर चॅनेल घरोघर आले होते, सरदारही हिंदीत बोलायला लागला होता. "पाहिलात का?" असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. मी निघाले तेव्हा मला पाणी देऊन म्हणाले, "चव बघा." पाणी चांगलं होतं. तसं मी सांगितलं.

तर, वहिनींच्या त्या शेवटच्या वर्षी वीज केंद्रात एक नवा इंजिनिअर आला. पोरगेलासा, पुण्याचा, चष्मेवाला. इंग्रजी फर्डं, आणि पुस्तक त्याने वाचलेलं. कुणीतरी त्याला सांगितलं की केमिस्टसाहेबांकडे रविवारी सरदार असतो. तो बिचारा हरखून आला, नवीन सिनेमाची सीडी घेऊन, आणि पहिल्या ओळीत मांडी घालून बसला. त्याला सावध करायचं कुणाला सुचलं नाही. जी गोष्ट आपण सगळेच पाळतो ती दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे माणसाच्या ध्यानातच येत नाही.

मुलगी पेटीत निजली. साहेब म्हणाले, "आता मामाकडे..."

"सर, एक मिनिट," तो म्हणाला. "ती मेलीये. मामा वगैरे कुणी नाहीये इथे. पुस्तकातही नाहीये."

फिटर त्याच्यावर ओरडला, "ए, गप ऱ्हा ना!" आणि त्या ओरडण्यानेच सगळं उघडं पडलं. पोराला काहीच कळेना. तो सगळ्यांकडे बघत राहिला. साहेबांनी सिनेमा थांबवला.

आतून वहिनी म्हणाल्या, "कोण नवीन आलंय? त्यांना जरा आत पाठवा."

तो आत आला, पलंगाकडे पाहिलं, आणि काय झालंय ते त्याला एका क्षणात कळलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याचीच दया आली. वहिनी म्हणाल्या, "बसा. ते कपडे बाजूला सारा. त्या मुलीचं शेवटी काय होतं ते मी विसरलेय. सांगता?"

"वहिनी, मला माफ..."

"माफी कशाची? सांगा."

त्याने खाली मान घालून सांगितलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याला ते करावं लागतं, तो करतो, मग तिचा चेहरा पहिल्यासारखा होतो, शांत.

"आणि तो?"

"त्याचा तोल जातो. बाकीचे त्याला धरतात."

"धरतात ना?" वहिनींनी विचारलं. "नक्की?"

"हो. सगळे असतात तिथे."

वहिनींनी दाराकडे पाहिलं. दारात साहेब उभे होते, हातात पट्टी तशीच. मी उठायला लागले तर वहिनींनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला काही वजनच नव्हतं.

"पुढच्या रविवारी नीट सांगा," त्या साहेबांना म्हणाल्या. "मामा नको. जसं आहे तसं."

"कशाला?"

"मी थकले हो. ते रक्त चढवतात तेव्हा अंग थडथडतं, आठ-आठ दिवस ताप उतरत नाही. आणि टिकतंय कुठे? डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला नेऊन सांगितलंय, मला ठाऊक आहे."

"पुढची पिशवी ठरलीये," साहेब म्हणाले. "फिटर येतोय."

"त्याचं रक्त त्याला राहू दे. मोठं माणूस आहे, लागतं त्याला." वहिनी हसल्या. मग हसू गेलं. "तुम्ही सांगितल्याशिवाय हे थांबणार नाही. माझं कुणी ऐकत नाही. मी काही म्हटलं की सगळे म्हणतात, असं बोलू नये."

ते खरं होतं. मीच कितीदा तसं म्हटलं होतं. साहेबांनी बाहेर जाऊन सीडी काढली आणि पुसून इंजिनिअरला परत दिली.

तो आठवडा खालच्या घरात मोठ्याने कुणी बोललं नाही. मला वाटत होतं, रविवारचा निरोप येणार नाही. पण शनिवारी साहेब स्वतः जिना चढून आले आणि म्हणाले, "उद्या या." सगळे आले. इंजिनिअर यायला तयार नव्हता, त्याला फिटर हाताला धरून घेऊन आला. साहेबांनी टकल्या सरदाराचा नाही, झगेवाल्याचाही नाही, असा एक मधलाच सिनेमा लावला होता. कुठल्याच पक्षाचा नव्हता तो. आवाज त्यांनी पार बंद केला.

त्या दिवशी घाटावर विनोद नव्हता, पेशवाई मराठीही नव्हती. साधं सांगत गेले. मुलगी पांढरी पडली. चौघांनी रक्त दिलं, हे त्या सिनेमात नव्हतं, तरी चौघांचंही एकेक करून सांगितलं. मग म्हणाले, "उपयोग झाला नाही. ती गेली."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या छताकडे बघत ऐकत होत्या.

पेटीचा प्रसंग आला. तो तरुण पेटीजवळ उभा राहिला. साहेब खाकरले. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "त्याला ते करवत नव्हतं," ते म्हणाले. "त्याचं तिच्यावर प्रेम होतं. इतके दिवस तो काहीबाही करून ते टाळत होता. मग तो तिच्याजवळ गेला. त्यानं तिला विचारलं, तुला सोडवू का? ती हो म्हणाली."

आतून वहिनी म्हणाल्या, "हं." गोष्ट ऐकताना देतात तसा हुंकार.

साहेब तेवढा वेळ थांबून होते. मग म्हणाले, "मग त्यानं केलं."

पडद्यावरचा तो तरुण तोंड मिटून उभा होता, त्याचे ओठ हलले नव्हते. पण सिनेमात गाळलेलं साहेब नेहमीच पुस्तकातून भरून काढायचे, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. शेवटपर्यंत त्यांनी सांगितलं. सरदार मेला तेही सांगितलं. सिनेमा पास की नापास, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चहा मी केला. कुणी भांडलं नाही.

ठरलेल्या दिवशी जीप दारात आली. फिटर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. साहेब ओट्यावर आले आणि म्हणाले, "आता नको."

"साहेब, माझी बारी हाय."

"माहितीये मला."

"मग? उद्या येऊ?"

"उद्याही नको. आता नकोच, बाबा."

फिटर तिथेच पायरीवर बसून पोरासारखा रडला. साहेब त्याच्याशेजारी बसले. दोघांनाही ड्यूटी होती, दोघंही गेले नाहीत.

वहिनी त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत, पण घरीच होत्या, आणि ताप नव्हता. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ बसायचे. बोलणं कमी झालं होतं. साहेब त्यांना चमच्याने पाणी पाजायचे, आधी स्वतः चव घेऊन. एका सकाळी गेल्या. वाईट वाटलं, असं लिहिणं फार कमी पडेल. मला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं.

स्मशानातून आल्यावर, आणि पुढचे काही दिवस, साहेबांना कुणी एकटं सोडलं नाही. झगेवाले, टकलेवाले, सगळे बसून असायचे. एका दुपारी असेच बसलेले असताना साहेबांनी त्या इंजिनिअरला जवळ बोलावलं. त्या रविवारनंतर ते त्याच्याशी बोलले नव्हते. पोरगा घाबरला.

"तुम्ही पुस्तक वाचलंय," साहेब म्हणाले. "इथे दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. त्या दिवशी मी सांगितलं त्यात काही गाळलं का मी?"

"नाही, साहेब."

"पदरचं काही घातलं?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "नाही, साहेब," तो म्हणाला. "जसं आहे तसंच सांगितलंत."

साहेबांनी मान हलवली. मी पुढे केलेला चहा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण प्यायला.

संध्याकाळी मी वर निघाले, तर तो इंजिनिअर जिन्यात उभा होता. भोंगा झाला होता, माणसं ड्यूटीवरून परतत होती. त्याचे डोळे लाल होते. त्याला कुणाला तरी सांगायचं होतं आणि मी समोर आले, एवढंच.

"बाई," तो म्हणाला, "पुस्तकात तिला कुणी विचारत नाही."